दोरा

पांगाऱ्याचं बदक. गळ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
पोटाखाली शिसं, म्हणजे उलटत नाही.
हरताळ्याच्या तळ्यात पहाटे ते सोडायचं
आणि बेशरमीच्या झुडपात बसून दोरा ओढायचा,
हे माझं काम. वय नऊ.

"उगामुगा बस. बदक नही,
पानी हालाले पाह्यजे,"
उखाबाबा नळीवरचं दव पुसत म्हणायचा.
मी जोरात ओढायचो. थापट्यांचा थवा
वरच्या वरच वळून जायचा भुसावळकडे.

बंदूक ठाण्यात जमा झाली, त्यालाही वीस वर्षं.
आता बाबाचा उजवा हात थांबत नाही:
चहा बशीत, बशीतून धोतरावर.
सून भरली वाटी हातात देत नाही.

काल म्हणाला, काढ ते बदक.
माळ्यावर होतं, एक डोळा वाळवीने खाल्लेला.
दोरा त्याने तर्जनीला गुंडाळला
आणि हात गुडघ्यावर नुसता ठेवला.

इतकं बारीक पाणी मला कधी हलवता आलं नाही.

एकवीस उतरली.
एक तर चोच पाठीत खुपसून
लाकडाशेजारीच झोपलं.
बाबा पुटपुटत मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.