पॅकेट

भोसरीत आमचं मशीन दिवसभर पेढ्यांचे ट्रे ओढतं.
पांढरी शीट तापते, पोटासारखी खाली लोंबते,
साचा वर येतो, पंप घरघरतो,
खालची हवा निघून जाते
आणि शीट साच्याला अशी बिलगते
जसं झोपेतलं पोर.
एका ट्रेमध्ये चोवीस पेढे.

शनिवारी शेवटची पाळी सुटली की
मेथवाणीशेठ किल्ली ठेवून जातात.
"लाइट बंद कर," एवढंच म्हणतात.
मी पिशवीतून सागवानी साचे काढतो:
धडाचे दोन अर्धे, पंख,
शेपटीकडे जाणारे दोन लांब दांडे.

सी-एकशे एकोणीस. हवाई दलात म्हणायचे पॅकेट.
बायको म्हणते, आठवडाभर पाकिटंच करता,
रविवारी परत पॅकेट?

रविवारी गॅलरीत बसून
प्रत्येक भागाच्या कडेने पेन्सिल फिरवायची.
मग पातं तिरकं धरून, न कापता, नुसती चीर.
वाकवलं की कट्‌.
शोकेसच्या जुन्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवलाय,
त्यावर पाणी, आणि गोल गोल.
रेघ दिसते तोवर घासायचं.
रेघ गेली की थांबायचं.
पुढे आणखी दोन हात मारले
तर विमान बारीक होतं, आणि ते पुन्हा भरत नाही.
हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन धडं फुकट गेली तेव्हा कळलं.
बेसिनमध्ये तांदळाच्या धुवणासारखं पाणी,
आणि बायकोची हाक, की आधी ते साफ करा.

किटमध्ये मिळतं तसलं यात काहीच नाही.
चाकं नाहीत, पंखे नाहीत, आत बसायला जागा नाही.
फक्त कातडी.
आतून पट्ट्या लावून दोन अर्धे जुळवले,
ब्रश टेकवला, गोंद फटीतून आपणहून पळाला.
शेवटी मागची दारं, शिंपल्यासारखी.
तीन आठवडे गेले त्या दारांत.
फट नखालाही लागेना इतकी बसली.

मग खालच्या मजल्यावरच्या तुंगारेकाकांना दाखवलं.
सत्त्याऐंशी वर्षं. पॅकेटमधून माल सोडायचे.
काकांनी चष्मा वर केला. विमान उलटं धरलं.
"दारं कशाला लावलीस?"
मी म्हटलं, होती ना दारं.
"होती. पण माल टाकायचा असला की खालीच काढून ठेवायची.
उडताना उघडायची नाहीत ती.
मागं नुसतं भगदाड. कमरेला पट्टा, समोर डोंगर,
दिवा हिरवा झाला की"
लोहगावातून सुखोई उठलं.
धानोरीत सगळेच असे वाक्यात थांबतात
आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलतात.
"ढकलायचं. तांदूळ, मीठ, रॉकेल. एकदा जिवंत बकऱ्या."

तीन आठवडे.
मी वर जाऊन करवतीचं पातं आणलं.
कापत असताना काका खिडकीबाहेर बघत राहिले,
घरचं कुणी आत ऑपरेशनला असावं तसे.

"आता थोडे तांदूळ आण."
बहात्तराच्या मापात दाणा हातभर होतो,
म्हणजे लहानसं पोतं.
तीन दाणे आत सोडले.
कालच्या पेपरवर त्यांनी विमान आडवं धरलं.
हात थरथरत होता; म्हणाले, वारा असायचाच.
नाक किंचित वर.
एक पडला. दुसरा पडला.
तिसरा आतल्या पट्टीला अडला.
"अडायचंही असंच. मग लाथ घालायची."
टिचकी मारली. दाणा उडाला तो थेट फ्रीजखाली.

"नदीत गेला," काका म्हणाले.
बराच वेळ पेपरवरचे दोन दाणे बघत होते.
खाली कुणीतरी वाट बघत असल्यासारखे.

रंग अजून दिलेला नाही.
चाकांसाठी जुन्या बाजारात एकदा जायचंय.
आज सोमवार. चोवीस, चोवीस, चोवीस.
फ्रीजखालचा दाणा तुंगारेकाकूंनी झाडताना काढला असेल.
मी विचारलं नाही.