बॅग नेतोस तर ऐक

कुताइसीहून मेस्तियाची गाडी आठची म्हणतील.
आठला निघत नाही. भरली की निघते.
ड्रायव्हर झाझा बाहेर उभा राहून
सूर्यफुलाच्या बिया फोडत असतो,
सोळावं माणूस आलं की हात झटकतो आणि बसतो.
लवकर गेलास तर खिडकी मिळेल, आणि दोन तास थांबणं.
शेवटी गेलास तर स्टूल मिळेल,
पण सगळी गाडी तुझ्याकडे
उपकारकर्त्याकडे बघावं तशी बघेल.
दरी कुठल्या बाजूला, विचारू नकोस. ती बाजू बदलत राहते.

सुट्ट्या नोटा ने.
वर एटीएम आहे, पण सगळं त्याच्या मनावर.
रस्त्यातल्या कुत्र्याच्या कानात बिल्ला दिसला
तर त्याला टोचलेलं आहे;
बिल्ला नसलेलाही बहुधा सभ्यच असतो,
तरी हात आवर.

कोणी ‘मामा’ म्हणालं तर वळू नकोस.
तिथे मामा म्हणजे बाप.
आई म्हणजे देदा.
पहिल्या दिवशी नाती उलटीपालटी होतात,
तिसऱ्या दिवशी आपापल्या जागी बसतात.

फुलं नेशील तर विषम ने. तीन, पाच, सात.
सम फुलं गेलेल्यांची.
मी सहा नेली होती.
त्सिउरीनं दारातच मोजली,
एक काढून स्वतःच्या कानामागे खोचलं,
आणि मग म्हणाली, आता ये.

तिथलं मीठ नुसतं मीठ नसतं.
लसूण असते, मिरची असते,
आणि मेथीच्या कुळातलं काहीतरी.
बटाट्यावर घातलंस आणि डोळे मिटलेस
तर घरचा डबा उघडल्यासारखं होईल.
मिटू नकोस. समोर माणसं आहेत.

वाईन घेत नसशील तर पहिल्या पेल्याआधी सांग.
नंतरच्या ‘नाही’ला तिथे ‘नाही’ समजत नाहीत.
घेणार असशील तर बाद्रीचं बोलून होईपर्यंत
पेल्याला हात लावू नकोस.
टेबल त्याचं. बोलतो लांबलचक.
भाकरी गार होते. होऊ दे.

पाचवा की सहावा पेला गेलेल्यांचा.
सगळे उठून उभे राहतात,
पावाच्या तुकड्यावर वाईनचे थेंब पाडतात,
आणि एकेक जण नाव घेतो.
तेव्हा एक नाव तयार ठेव.
मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे नावं नव्हती असं नाही,
या वयात असतातच.
पण जिभेवर एक येईना,
आणि माझं बोट आपसूक बॅगेकडे गेलं.
कोपऱ्यात कलंडून पडली होती,
मेस्तियाच्या दगडांनी तिचं एक चाक खाल्लं होतं.

बॅग तिसऱ्या मजल्यावरच्या शरयू नेवाळकरांची.
बँकेतून निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात घेतलेली.
आतला पुठ्ठाही काढला नव्हता.
म्हणाल्या, तू आधी फिरवून आण, मग मी.
माझा व्हिसा यायच्या आतच
त्यांच्या दारावरची पाटी उतरली.

हे सगळं मला त्यांच्या भाषेत कुठलं सांगता यायला?
मी म्हटलं, शरयू. आणि बॅग.
‘शारायू,’ बाद्री म्हणाला.
‘शारायू,’ सगळे म्हणाले.
म्हाताऱ्या मुरमाननं दोनदा म्हटलं,
त्याला कमी ऐकू येतं.

सकाळी बघते तर चाकाला तार गुंडाळलेली,
आणि त्सिउरीनं परसातली फुलं कापून हातात दिली.
मोजली. चार.
कुठे वाहू, खुणेनं विचारलं.
तिनं चर्चमागे नेलं, सासूच्या थडग्यापाशी,
आणि जराशी सरकून घेतल्यासारखं हातानं दाखवलं:
जागा आहे.

असो. प्रवासाचा विमा काढ.
जून असला तरी जाड जाकीट ने.
बॅग पलंगाखाली आहे, ओढून काढ.
तार सोडवू नकोस;
विमानतळावर खरखरते, लोक वळून बघतात.
बघू देत.

येताना मात्र रिकामी आणू नकोस.
मीठ संपलंय.