दोन मीटर

विषय ठरला: तारेविना वीज.
गुप्ते मॅडम म्हणाल्या, शीर्षकात 'आव्हाने आणि संधी' घालाच,
त्याशिवाय अनुदान सुटत नाही.
घातलं.
तारीख तीनदा बदलली.
आधी विद्यापीठाची परीक्षा आडवी आली,
मग पाहुण्या वक्त्यांच्या मुलीचा साखरपुडा,
आता मिळालेल्या शुक्रवारी संकष्टी.
म्हणून पंचेचाळिसांपैकी साबुदाणा किती जण खातील
याचा अंदाज माझ्या वहीत,
समीकरणांच्या खाली, पेन्सिलीने.

मागणीपत्रकात पहिलीच ओळ:
एक्स्टेंशन बोर्ड, नग चोवीस.
स्टोअरच्या क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं,
"कार्यशाळा बिनतारेची ना?"
हो, म्हटलं.
त्याने चोवीसचे अठरा केले
आणि सही ठोकली.

तांब्याची तार लोहार चाळीतून.
केसाहून बारीक शेकडो तारांचा एकच पीळ,
हातात घेतला तर वेणीसारखा मऊ.
तीन कोटेशनं लागतात, दुकानदार म्हणाला, बसा,
आणि तीन लेटरहेडं काढली:
एक त्याचं, एक भावाचं, एक मेव्हण्याचं.
रंग निराळे,
बेरजेतली चूक तिन्हींत तीच.

वेटोळी घालतात पागधरे.
मूळचे सातपाटीचे,
शीवच्या या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं,
येत्या मार्चात निवृत्त.
घरात जाळी विणत असतील, मी एकदा विचारलं.
"बाप विणायचा. मी नुसत्या गाठी सोडवल्या."
लाकडी साच्यावर बत्तीस वळसे,
तोंडाने आकडा नाही, अंगठा मोजतो,
एक वळसा दुसऱ्यावर चढला
तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिली चाचणी सोमवारी झाली.
शाहीन मुकादमने दोन वेटोळी समोरासमोर मांडली,
मध्ये वीतभर हवा.
कपॅसिटर बदलत गेली,
काही नाही, काही नाही, काही नाही,
मग दोघांचा सूर जुळला
आणि पलीकडचा दिवा लागला,
कुणीही त्याला हात न लावता.
मी त्या हवेत पट्टी फिरवली, कागद धरला,
उगाच, जणू तिथे काही सापडणार होतं.
"पागधरे, बघा तरी!"
पागधरे नव्हते.
बटण दाबायच्या आधीच ते चहा सांगायला गेले होते.
मंगळवारीही. बुधवारीही.
मला वाटलं, माणसाला रस नाही.
एकतीस वर्षांत आटत असेल.

गुरुवारी संध्याकाळी सूचना छापून आल्या.
आठव्या क्रमांकावर:
'पेसमेकर असलेल्यांनी यंत्रणेपासून
किमान दोन मीटर दूर राहावे.'
पागधऱ्यांनी कागद दारावर चिकटवला,
चारी कोपरे नखाने दाबले,
आणि पाठमोरेच म्हणाले,
"हे दोन मीटर कुठनं मोजायचे?
टेबलाच्या कडेपासनं, का वेटोळ्याच्या मधनं?"

का हो?

त्यांनी शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं.
खिशात पेन होतं. पेनाच्या मागे ते.
"दोन वर्षं झाली. ऑफिसात सांगितलं नाही,
लगेच हलकं काम देतात."
मग हसले.
"याला मात्र वायरी आहेत बरं का.
दोन. सरळ आत.
वळसे घालताना काही होत नाही,
तेव्हा करंट नसतो."

रात्री बैठकीचा आराखडा पुन्हा उघडला.
वेटोळ्याच्या मधून, कंपास लावून,
दोन मीटरचं वर्तुळ काढलं.
दार त्यात येत होतं,
दाराची काचही.
टेबल खिडकीकडे पाच लाद्या सरकवलं,
तेव्हा कुठे उंबऱ्याच्या आत
एक खुर्ची मोकळी उभी राहिली,
आणि समोरच्या पाच गेल्या.

सकाळी गुप्ते मॅडमनी विचारलं,
पंचेचाळीसचे चाळीस कसे?
तांत्रिक कारण, म्हटलं.
त्यांनी मान हलवली, पुढच्या कागदाकडे वळल्या.
मागे साच्यावर अठरावा की एकोणिसावा वळसा थांबला.
"मग साबुदाणा," पागधरे म्हणाले,
"पाच जणांचा कमी सांगतो."