सातवा सामना

मालिका तीन-तीन.
बाहेर एप्रिल. सायमा तळ्यावरचा बर्फ काळा पडलाय,
भोकं पाडून मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा
आपापली स्टुलं घरी नेली.
गावात धड उरलाय तो एवढाच बर्फ:
साठ मीटर लांब, दोन बोटं जाड,
माझ्या हवाली.

मी यंत्र चालवते. सव्वीस वर्षं.
खरवडायचं, धुवायचं, वरून कढत पाण्याचा पातळ हात.
गार पाणी नीट धरत नाही,
हे नव्या पोरांना पटवता पटवता जीव जातो.

पहिल्या सामन्यात आम्ही पाच गोल खाल्ले.
दुसरा आमचा; त्यात तुओमोचा दात पडला,
मला गोलरेषेपाशी सापडला,
अजून कोटाच्या खिशात आहे.
तिसरा त्यांचा, चौथा आमचा, असं करत
आज मध्यरात्र उलटली तरी दोन-दोन.
दुसरी जादा वेळ.
सॉसेज संपले, कॉफी संपली,
पाच हजार माणसं नुसती उभी.

मग पक कुणाच्या तरी पायाला लागून वळला.
धड कुणी मारलाही नव्हता.
एवढंसं ठक्,
आणि जाळं हललं.

त्यांचे हातमोजे उडाले, हेल्मेटं उडाली,
माझ्या बर्फावर.

चषक गेला. गालिचा गुंडाळला. दिवे अर्धे झाले.
ओन्नी तिथंच, निळ्या अर्धगोलात, गुडघ्यांवर.
ओन्नी म्हणजे नशीब, आमच्या भाषेत.
आईबापांनी हौसेनं ठेवलेलं.

मी यंत्र काढलं.
उद्या थंडाव्याची मशिनं बंद होणार,
हा सगळा बर्फ गटारात जाणार,
मग आज पुसायची काय गरज होती?
पण खरकटी भांडी तशीच टाकून
झोप लागते का कुणाला.

एकेक फेरी त्याच्या जवळ आणत होती.
तो हलला नाही. मी भोंगा वाजवला नाही.
वळसा घातला. मग आणखी एक.
शेवटी सगळं मैदान ओलं, काळसर, चकचकीत,
आणि त्याच्याभोवती चटईएवढा तुकडा कोरडा,
चार तासांच्या ओरखड्यांसकट.

बोलायला काही सुचेना.
खिशातला दात चाचपला. तोही त्याचा नव्हता.

त्यानंच मान वर केली.
"हिल्क्का, तळ्यावरचा गेला का?"

"दिसतोय अजून," म्हटलं,
"पण पाय नको टाकूस.
धरणार नाही."