भीती वाटते की

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहा वाजता,
ग्लेनिसबाई परक्यांना बातमी सांगायला शिकवतात.

इंग्रजीत बातमी मोडायची असते, त्या म्हणतात,
आणि वाईट असेल तर हळू मोडायची.
भाकरीसारखी? लेतेब्रहान विचारते.
तिच्या गावी मोठ्या गोल पावाचा पहिला तुकडा
घरातलं वडीलधारं माणूस मोडतं,
मग सगळ्यांचे हात पुढे होतात.
हो, बाई म्हणतात. जरा थांबून:
पण बातमीला कुणी हात पुढे करत नाही.

मग घेवड्याच्या बिया.
गुपित बोलून टाकणाऱ्याच्या हातून त्या सांडतात.
(आपल्याकडे अशाच्या तोंडात तीळ भिजत नाही.
दाणा कुठलाही असो, भांडं गळकंच.)
पिशवीतून मांजर निसटतं.
घोड्याच्या तोंडून ऐकलेलं पक्कं.
द्राक्षाच्या वेलावरून येते ती नुसती कुणकुण,
आणि कुणी सांगितलं ते सांगायचं नसेल
तर एका लहानशा पाखरानं.
क्वान वहीत मांजर काढतो,
शेपटी वाढत वाढत समासाबाहेर जाते.
इथे माणसं काहीच सांगत नाहीत का,
हाब्तोम विचारतो, सगळं जनावरांवरच?

फळ्याच्या तळाशी उरलेल्या जागेत बाई लिहितात:
मला भीती वाटते की.
नको असलेलं सांगताना इथून सुरुवात करा.
भीती वाटते की पाव संपला.
भीती वाटते की डॉक्टर आज येणार नाहीत.
भीती वाटते की शेवटची बस गेली.

हाब्तोमला पटत नाही.
पाव संपला, उपाशी मी,
मग दुकानदार कशाला घाबरतो?

बाई बोटांवरची शाई पुसत राहतात.
मी सात वर्षांची, त्या म्हणतात,
वडील आइसलंडच्या बाजूला, मासेमारीवर.
बोटीचं काही झालं की मिशनचा माणूस गल्लीत यायचा,
काळी हॅट, चालत.
पडद्यांमागे बायका. प्रत्येकीची प्रार्थना एकच:
पुढच्या दारात जा.
म्हणजे शेजारणीच्या.
म्हणजे काल जिच्याकडून वाटीभर साखर आणली तिच्या.

आमच्या दारात थांबला तो.
हॅट काढून आईला म्हणाला, मला भीती वाटते की
आणि पुढचं मी ऐकलंच नाही.
एवढा मोठा माणूस, आमच्या पायपुसण्यावर,
घाबरलेला.
मला वाटलं, ह्याला पाणी द्यावं.
आत गेले, घेऊन आले.
प्यायला तो. पेला रिकामा होईपर्यंत.

हीटर कुरकुरतो.
कुणी लिहून घेत नाही.

पुढच्या मंगळवारी हाब्तोम उंबऱ्याशीच थांबला,
अंगात फिश फॅक्टरीचा पांढरा कोट,
केसांवर जाळी.
बाई, तो म्हणाला, मला भीती वाटते की
मला नोकरी लागली.

क्वान हसला. चुकलं!
चांगल्या बातमीला हे चालत नाही.

रात्रपाळी, हाब्तोम म्हणाला.
सोमवार ते शुक्रवार. सहापासून.

बाईंनी दुरुस्त केलं नाही.
आत गेल्या,
आणि पेल्यात पाणी घेऊन आल्या.