पाणी मुरतं कुठं

अर्ज आला अकरा खोक्यांत, हातगाडीवरून.
आणणारा पोरगा घामाघूम.
म्हणाला, यात आहे तरी काय?
मी म्हटलं, एक खड्डा.

खड्डाच तो. बेल्टन फेरीच्या वरच्या अंगाला,
ओहायो नदीपासून पाऊण मैल, चाळीस एकर.
तळाला तीन फूट चिकणमाती,
वर काळं प्लास्टिक, दीड मिलिमीटर, दोन थर,
आणि त्यावर, जे कुणालाच दारात नको ते सगळं:
भट्ट्यांची राख, रंगाची चिकट घाण,
मुलाम्याच्या टाक्यांतला गाळ,
कायद्यात ज्याचं नाव एफ शून्य शून्य सहा.

मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.
मी अटी घालते.
बावीस वर्षं झाली.
आईला अजून वाटतं, मी कुठंतरी झाडं लावते.

जनसुनावणी शाळेच्या जिममध्ये.
बास्केटबॉलच्या रिंगखाली आमचं टेबल.
माणशी तीन मिनिटं,
आणि वेळ मोजायला लोरेटाबाईंनी घरून आणलेलं
अंडी उकडायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं.
लोक रडले, ओरडले, एकाने बायबल वाचलं,
कंपनीच्या ड्रेसलरने नोकऱ्यांचा आकडा सांगितला, दोनदा.

एकेचाळिसावा ऑर्व्हिल स्टॅम्पर.
बोलला नाही.
काकडीच्या लोणच्याची जुनी बरणी,
तीत त्याच्या विहिरीचं पाणी,
माझ्यासमोर ठेवली. मग नुसता उभा राहिला.
कोंबडी टिकटिकत होती.
घंटा वाजली तशी टोपी चढवून निघून गेला.
लघुलेखिकेनं माझ्याकडे पाहिलं:
हे काय म्हणून लिहू?

बरणी पुरावा नसते.
तिला सील नाही, कुणी भरली, कधी, किती वाजता,
कुणाच्या हातून कुणाच्या हाती, याची सही नाही.
प्रयोगशाळेनं घेतलीच नसती.
मी ती खिडकीत ठेवली.
चार दिवसांत गाळ खाली बसला,
वरचं पाणी इतकं नितळ
की त्यातून समोरचं पार्किंग दिसायचं, उलटं.

त्याच आठवड्यात सातव्या खोक्यात,
चारशे बाराव्या पानावर, नकाशा.
निळे बाण, सगळे दक्षिणेला, नदीकडे,
एका वळणाचे, शाळेतल्या कित्त्यासारखे.
इतकं शहाणं पाणी मी कधी पाहिलं नाही.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

नोव्हेंबरात इन्ग्रॅमला घेऊन गेले.
सात नंबरच्या निरीक्षण विहिरीत फीत सोडली,
मग नऊत, मग बारात.
बोटं बधिर. आकडे तो वहीत लिहायचा, मी परत मोजायला लावायची.
तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तो काहीच बोलला नाही,
नुसता ईशान्येला बघत राहिला,
जिथं स्टॅम्परच्या चिमणीतून धूर निघत होता.
खाली कोळशाची जुनी खाण होती, कुणाच्याच नकाशात नसलेली,
आणि टेकडी तिकडं कलती होऊन पाणी पाजत होती.

मी त्रुटीचं पत्र धाडलं. नव्वद दिवस.
ड्रेसलर फोनवर म्हणाला, एका फितीपायी?
गावकऱ्यांना वाटलं, जिंकलो.
नव्वद दिवसांनी नवा नकाशा आला, बरोबर काढलेला,
चार नव्या विहिरी, खाणीची तोंडं बुजवायचा आराखडा,
जाड प्लास्टिक. नाही म्हणायला
माझ्याकडे कलम उरलं नाही.

उत्तरांच्या तक्त्यात प्रत्येक टिप्पणीपुढे एक चौकट असते.
एकेचाळिसाव्यापुढे मी लिहिलं: नोंद घेतली.
खोडलं.
लिहिलं: पाणी अर्जदाराने दाखवलेल्या दिशेला जात नाही.
लोरेटाबाईंनी तेवढं वाक्य राहू दिलं.

मग सही केली.
बंद केल्यावर खड्डा तीस वर्षं सांभाळायचा, असं परवान्यात आहे.
तीसच का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.
आतल्या शिशाला तर विचारलेलंच नाही.

स्टॅम्पर आता बाटलीतलं पाणी पितो.
बरणी मागायला तो आला नाही,
आणि मलाही अजून
ती कुठं ओतायची, ते ठरवता आलेलं नाही.