अडलेली लाट

झाग्रेब, ऑक्टोबर. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद.
ल्येर्का श्वास धरून वाकते भिंगावर,
कारण स्फटिक मांजराच्या मिशीहून बारीक,
आणि कालचा एका शिंकेत गेला.
चांदीच्या रंगाचे चार ठिपके, चार तारा.
दोन वीज देणाऱ्या, दोन नुसत्या ऐकणाऱ्या.

झ्देन्को हेलियमचं भांडं ढकलत आणतो.
"हे शेवटचं. पुढचं कधी, ते विचारू नका."
त्याचा मुलगा दुनावच्या काठी. अकरा दिवस फोन नाही.
तेही ती विचारत नाही.

नायोबियमचे अणू ओळीनं उभे,
शेजारच्या ओळीशी जवळजवळ अबोला.
एकाच वाटेचं गाव; इलेक्ट्रॉन वळणार कुठे?
एकशे पंचेचाळीस केल्विनला
ओळ आपणहून जरा हलते:
इथे दाटी, तिथे विरळ, पुन्हा दाटी.
एकोणसाठला आणखी एक लाट.
तिचं माप अणूंच्या मापात बसत नाही,
म्हणजे तिला कुठेच अडायला नको.

अडते.
चुकून शिरलेला एखादा टँटलम पुरतो.

भोंगा वाजतो. नियम असा की तळघरात जायचं.
"नमुना थंड आहे," ल्येर्का म्हणते,
आणि झ्देन्को आपलं स्टूल ओढून घेतो.

ती व्होल्टेज वाढवते. नळभर. कणभर. अजून कणभर.
आलेख सरळ रेघ,
शाळेच्या फळ्यावर होती तशीच.
अजून.
अजून कणभर, आणि रेघ वाकते.

जुन्या रेडिओचा कर्णा जोडलाय, त्यातून
बारीक सूर निघतो, माशी बाटलीत अडकावी तसा.
लाट सरकतेय. सुटे इलेक्ट्रॉन नव्हेत, अख्खी लाट,
प्रत्येक खुंटाशी ठेचकाळत, सुटत, पुन्हा ठेचकाळत;
त्या ठेचांचाच हा सूर.
व्होल्टेज चढवलं की सूर चढतो.

"आता बंद केलं तर?"
"थांबेल."
"होती तिथे?"
"नाही. शेवटचा धक्का कुठल्या बाजूनं होता
ते ती धरून ठेवते. परत ढकललं की कळतं."

झ्देन्को बराच वेळ कर्ण्याकडे बघत राहतो.
मग उठून वहीत लिहितो, तारीख, वेळ,
उरलं: चार लिटर.
लिहून झाल्यावर खोडतो, मोजपट्टी पुन्हा बुडवतो.
साडेतीन.